रेवतची वाटी

— नाय, नाय, थांबा भाऊ, मशीन नका लावू इतक्यात. वाटी हीच. वाटी पसंत हाय मला. नावाचं जरा दमानं घ्या. दुसरं गिऱ्हाईक खोळंबलं असंल तर त्याचं करा आधी, मी बसतो इथं स्टुलावर. — कोणी नाय? बरं. मग ऐका. नातवाची वाटी हाय. पहिला — म्हणजे, नातू हाय. रविवारी नामकरण, घरी भंतेजी येणार, पाहुणे येणार, आन बाळापुढं त्याच्या नावाची वाटी पाहिजे, असं सुनेनं सांगितलंय. नाव रेवत. रेवती नाय, रेवत. तुम्ही आत्ता रेवतीच म्हणलात, मी ऐकलं. राहू द्या, समदेच म्हणतात.

नाव पोरानं काढलं. बुद्धभूषण माझा पोरगा, वाळूजला कंपनीत हाय. बुद्धाचे एक शिष्य होते रेवत नावाचे, लई शांत, एकांतात राहणारे, असं त्यानं कुठं तरी वाचलं. आमचं बाळही शांत, म्हणून रेवत. सुनेला मात्र पटंना. प्रेरणा तिचं नाव, शाळेत शिकवती, तिला माहीत असतं कोणत्या नावाचं पुढं काय होतं. ती म्हणली, पहिल्याच दिवशी बाई रेवती म्हणून हाक मारणार, पोरं हसणार, आन हा दहावीपर्यंत रेवतीच राहणार. तिच्या वर्गात किरण नावाचा एक पोरगा हाय, त्याचं नाव दरसाल मुलींच्या कबड्डीत जातं. आता तोही काही बोलत नाय, खेळतो. चांगला खेळतो म्हणे. मग आमचा पोरगा म्हणला, रेवतकुमार ठेवू. ती म्हणली, सिनेमा काढायचाय का? तिचा भाऊ पुण्याला असतो, कम्प्युटरच्या कामात, त्याला फोन लावला. तो म्हणला, पोरगं उद्या परदेशात गेलं तर तिकडं ह्याला रिवेट म्हणतील. रिवेट म्हणजे पत्र्याला मारतात तो — व्हय, तेच, तुम्हाला माहीत असणार. मी कन्नडला साखर कारखान्यावर होतो, जन्मभर रिवेट बघितले. मजबूत असतात. मी तसं बोललो, तर कोणी माझ्याकडं बघितलं नाय. पोरगं अजून पालथं पडत नाय भाऊ, आन हे त्याला परदेशात धाडून मोकळे. दुसरी नावंही निघाली. जीवक निघालं, तर त्याचं जिव्या होईल. आनंद निघालं, तर गल्लीत चार आनंद हायेत, त्यातले दोन रोज भांडतात. शेजारची सरूबाई न विचारता आली आन म्हणली, राजा ठेवा. राजा तिच्या कुत्र्याचं नाव हाय.

मी एकटा म्हणत राहिलो, रेवतच ठेवा. लोक रेवती म्हणले तर म्हणू द्या. सून म्हणली, मामा, तुमच्या नातवाला लोकांनी पोरगी समजलेलं चालंल तुम्हाला? मी म्हणलो, चालंल. लई चालंल. — तर ती माझ्याकडं बघतच राहिली. सासऱ्याला मामा म्हणती आमच्याकडं सून, पण ही जरा मास्तरीण हाय ना, तिच्या बघण्यानं माणूस उभा राहतो.

का चालंल, असं तुम्हीपण विचारणार. सांगू का नको? — सांगतो. माझं नाव कडुबा. आपल्याकडं असली नावं कोण ठेवतं, तुम्हाला ठाऊक हाय. माझ्या आईची, भामाबाईची, माझ्या आधीची तीन गेली. म्हणून मला कडू म्हणली. कडू वस्तू कोण तोंडात घालतं? नेणारा यील, चाखंल, थुंकून जाईल. तेवढ्यावर तिचं भागलं नाय. नाक टोचलं, परकर नेसवला, वेणी घातली. नेणारा पोरगा हुडकत यील, त्याला पोरगी दिसंल. आता, गेलेल्या तिघांत एक पोरगीच होती, पण ते आईला बोलून दाखवायची कोणाची छाती? गावात तवा धम्म आला होता, फोटो आले होते, गाणी आली होती, पण आईचं काळीज जुनंच. हे बघा — जवळ या — इथं, नाकाला. बारीक हाय, पण हाय. थंडीत झोंबतं. शाळेत घातलं तर मास्तरांनी मला मुलींच्या रांगेत बसवलं. मी बसलो. तिथं मार कमी होता. — मी जगलो एवढं खरं. नाकाच्या भोकानं जगलो का उगाच जगलो, ते कोणाला विचारायचं? आई म्हणायची, माझ्यामुळं. बरं, म्हणायचं आपण.

बुद्धभूषण म्हणतो, बाबा, आपण धम्माची माणसं, असलं मनातसुद्धा आणायचं नाय. बरोबर हाय त्याचं. घरी मी एक शब्द बोलत नाय. भिंतीवर बाबासाहेब हायेत, त्यांच्यासमोर कसा बोलणार? म्हणून बाहेर बोलतो. — बाहेर म्हणजे, परवा लस होती बाळाची, दीड महिन्याची. सून आत गेली, बाळ माझ्या मांडीवर, बाकावर बसलो होतो. शेजारी एक म्हातारी. म्हणली, पोरगा का पोरगी? म्हणलो, पोरगी. नाव? म्हणलो, रेवती. गोड हाय म्हणली. मी म्हणलो, कशाची गोड, सारखी किरकिर करती, दूध पीत नाय, अंग धरत नाय. भाऊ, असं गुबगुबीत पोरगं हाय ते, मांडीला मुंग्या आल्या होत्या माझ्या! पण तोंडातून आपोआप निघत गेलं. म्हातारी बिचारी हळहळली, म्हणली, तिच्या आईला नाचणी द्या. आन मी मान वर केली तर सून समोर उभी. समदं ऐकलं तिनं. बाळ उचललं आन रिक्षाला हात केला.

तुम्ही मला वळखलं नाय ना? कसं वळखणार, गुलमंडीत दिवसभर माणसं. ह्याच दुकानात आलो होतो मी, तीन वर्षं झाली. अशीच वाटी घेतली, पहिल्या नातवाची. प्रणय नाव टाकलं तुम्ही, आन शेजारी फूल काढलं. मी सांगितलं नव्हतं, तुम्ही आपल्या मनानं काढलं. वाटी घरी पोचली. पोर नाय पोचलं. दवाखान्यातूनच — व्हय. — नाय नाय, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? तुमची चूक नाय भाऊ. नावाची पण नाय. फुलाची तर मुळीच नाय. मला कळतं ते.

ती वाटी मी बायकोच्या लुगड्यात गुंडाळून पेटीच्या तळाला ठेवली होती. बायको त्याच्याही आधी गेली माझी, पेटीला कोण हात लावणार? आज सकाळी सुनेनं चहा आणला, आन भाजलेले शेंगदाणे. शेंगदाणे त्या वाटीत. घासून लख्ख केलेली. फूल समोर. म्हणली, खा मामा. मी खाल्ले. काय करणार? ती पण खाली बसली, तिनं पण खाल्ले. मग म्हणली, त्याला पण आपणच नाव ठेवलं होतं मामा, ते आपलं हाय, पेटीत कशापायी ठेवायचं? आन ह्याला पण कुठं लपवायचं नाय. रेवतच ठेवू. लोक चुकले तर मी दुरुस्त करीन, जन्मभर करीन, माझं कामच ते हाय. पण घरातल्यानं चुकायचं नाय. जा, वाटी घिऊन या. — शेंगदाणे संपेपर्यंत बसली ती. मग वाटी नेऊन बाकीच्या भांड्यांत मांडून टाकली.

तर आलो. तुमच्या दुकानावरून पुढं गेलो, सिटी चौकापर्यंत गेलो, परत फिरलो. नाव टाकायचं एवढंच काम हाय, मला कळतं. पण एकदा टाकलं की ते निघत नाय ना भाऊ. पुसता येत नाय. कोणी पण वाचू शकतं. कोणी पण म्हणजे —

काय म्हणता बाई? — या, या, माझं होतच आलंय, म्हातारा माणूस बोलत बसलोय. — व्हय, लहान वाटी हाय ना, बाळाचीच. — काय?

पोरगा का पोरगी?

—

पोरगा हाय, बाई. नातू. रेवत त्याचं नाव. — चांगला हाय. दूध पितो, झोपतो, अंगानं भरलेला हाय. लई चांगला हाय.

चालवा भाऊ मशीन. बाई उभी हाय, आन तुम्ही थांबलात कशापायी?