सिरिलची परतफेड

एडगर पेंडलबरींनी ती चिमुकली शर्यतीची मोटार सुटे भाग आणून घरी जोडली, त्यांच्या मुलाने, सिरिलने शर्यतीत उतरवली, सिरिलच्या मुलाने, डेनिसने जपली. आज इंग्लंडातल्या लिंकनशरच्या मैदानावर ती डेनिसच्या लेकीची, हेस्टरची होती. चहाच्या रांगेत हेस्टर आणि तिचा म्हातारा प्रतिस्पर्धी नॉरिस बोलत होते. मागे उभ्या, शर्यत बघायला आलेल्या मॉडबाईंनी मान वळवली नाही. कान मात्र तिकडेच ठेवले.

“क्लच वायर तुटली म्हणे, पोरी?”

“तुटली, नॉरिसकाका. शर्यतीला तास उरलाय.”

“जादाची कुठाय?”

“घरी. वजन नको म्हणून ठेवून आले.”

“शाबास! पावशेर वाचवलंस आणि शर्यत घालवलीस.”

“चिडवा. आता तुम्हीच जिंकणार.”

“माझी वायर घे.”

“घेईन, पण मग तुम्हाला हरवीन हं!”

“शहात्तर साली माझा कार्ब्युरेटर फुटला. तुझ्या आजोबांनी त्यांचा दिला. मी जिंकलो.”

“आणि आजोबा?”

“कुंपणाशी उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांच्याकडे जादाचा नव्हताच.”

“काका, तुमच्याकडे जादाची वायर आहे ना?”

“नाही. गाडीतलीच काढतोय.”

“मग तुम्ही?”

“मी कुंपणाशी. सिरिलचं देणं आज पुरतं फिटलं. चहा राहू दे, नट खोलायचे पाने आण!”