पाणी कशावर असतं

(मिलेटस बंदर. म्हाताऱ्या तत्त्वचिंतक ओनेसास यांचं अंगण. शेजारी त्यांची विधवा बहीण मेलित्ता. दारात अंजिरांची टोपली घेऊन उभा लोकर रंगवणारा मिक्कोस.)

मिक्कोस : ...तर मी पोराला घेऊनच येतो, गुरुजी. तो तुमचे गुडघे धरून माफी मागेल आणि बोलला ते सगळ्यांसमोर परत घेईल.

ओनेसास : आधी बसा.

मेलित्ता : उभाच राहू दे. चटई कालच धुतली आहे. याच्या हातांचा जांभळा निघत नाही, आणि वास तर हा गल्लीत वळला की येतो.

मिक्कोस : शंखाचा रंग आहे तो, मेलित्ताबाई. राजे अंगावर घेतात.

मेलित्ता : वाळल्यावर घेतात.

मिक्कोस : गुरुजी, पोराला तुमच्याकडे घातला तो चार शहाणपणाचे शब्द शिकावेत म्हणून. ते तुमच्यावरच उलटवावेत म्हणून नव्हे.

ओनेसास : काय झालं ते लाम्पिसनं घरी सांगितलं?

मिक्कोस : तो कुठला सांगतोय. बाजारात कळलं. इफेससचे पाहुणे बसले होते. तुम्ही सांगत होतात, की जमीन पाण्यावर तरंगते, लाकडाच्या फळीसारखी, आणि पाणी डुचमळलं की भूकंप होतो. तर यानं मध्येच विचारलं, मग पाणी कशावर असतं?

मेलित्ता : पाहुणे हसले. दादानं पोराला दार दाखवलं. तेव्हापासून मी केलेली जवाची पेज रोज कुत्र्याला जाते. कुत्रं मात्र छान सुटलंय.

मिक्कोस : अन्नावर राग काढू नका, गुरुजी. शिक्षा मी ठरवली आहे. दूर सिनोपे बंदराला जाणारं जहाज तयार आहे, वारा फिरला की सुटेल. लोकरीच्या गाठींबरोबर त्यालाही बसवतो. चुलता आहे तिकडे, दुकानात घेईल.

ओनेसास : आणि परत कधी?

मिक्कोस : परत कशाला? तिकडंच लग्न, तिकडंच घर. त्याची आई रडून रडून अर्धी झाली. म्हणून म्हटलं, तुम्ही माफ केलंत तर ठेवतो.

ओनेसास : हं.

मिक्कोस : आता हं म्हणजे मी काय समजायचं? मला तुमच्यातलं काही कळत नाही. माझा बाप म्हणायचा, जमीन समुद्रदेव पोसायडन हलवतो. त्याला बैल दिला की थांबतो. तुमचं पाणी काय घेऊन थांबतं?

ओनेसास : काही घेत नाही. ते कुणावर रागावलेलंच नसतं.

मिक्कोस : म्हणजे स्वस्तात सुटलो.

ओनेसास : नाही हो. बैल दिला की माणूस घरी जाऊन झोपतो. आमच्याकडे विचारत बसावं लागतं.

मिक्कोस : मग तुमचे बाकीचे शिष्य बरे. ते कधी उलट विचारत नाहीत.

मेलित्ता : ते? ते खोकतातसुद्धा दादासारखे. परवा एकाला शिंक आली, तर आधी दादाकडे बघितलं.

ओनेसास : मेलित्ता, अंजिरं आत ठेव.

मेलित्ता : ठेवते. पण तुझे गुरुजी म्हणायचे ना, जमिनीला झाडासारखी मुळं आहेत? आणि भर सभेत उठून कुणी विचारलं होतं, की मग ती मुळं कशात रुतली आहेत? मी घागर घेऊन दारात उभी होते. लाजेनं पाणी सांडलं माझं.

मिक्कोस : तुम्ही विचारलंत? गुरूंना?

ओनेसास : विचारलं.

मिक्कोस : मग गुडघे धरले असतील.

ओनेसास : धरणार होतो. वडील मला ओढतच नेत होते. तेवढ्यात गुरुजीच काठी टेकत आमच्या दारात आले. म्हणाले, मला काही उत्तर सापडत नाही, तू ये.

मिक्कोस : एवढंच?

ओनेसास : एवढंच. त्यांना बसायला सांगावं हेही वडिलांना सुचेना.

मेलित्ता : मग, दादा?

ओनेसास : काठी दे.

मेलित्ता : रंगाच्या घाणीत जाणार तू? उपाशी पोटी? निदान दोन अंजिरं तोंडात टाक.

ओनेसास : दे.

मिक्कोस : गुरुजी, तुम्ही कशाला, मी आणतो त्याला. लोक काय म्हणतील, रंगाऱ्याच्या दारात—

ओनेसास : म्हणू देत.

मिक्कोस : एक विचारू? रागावू नका. बाजारात ऐकल्यापासून रंगाच्या कढईसमोर उभा राहतो आणि तेच डोक्यात येतं. कढई चुलीवर, चूल जमिनीवर, जमीन पाण्यावर. पाणी खरंच कशावर असतं?

ओनेसास : मला माहीत नाही.

मिक्कोस : आणि लाम्पिसला?

ओनेसास : त्यालाही नाही. चला, वारा फिरायच्या आत पोचू.