मेपलची पाठ

मित्सुए: सबबी सांगू नका, गेन्पाचीसान. माळीकाम तुमचं, कुदळ तुमच्या हातात. हा मेपल मुळासकट काढा आणि तोंड आमच्या ओसरीकडं करून पुन्हा लावा.

गेन्पाची: वहिनी, आत्ता हलवला तर तोंडही जाईल आणि पाठही. पानं बघा किती कोवळी आहेत.

मित्सुए: पावसाचे दिवस आहेत, माती ओली आहे. भाताची रोपं सगळे आत्ताच लावतात की!

गेन्पाची: भाताचं वेगळं. मेपलला जागेपणी हात लावायचा नसतो. वसंतात लावलाय, आत्ता कुठं नवी मुळं फुटलीत. ती तुटली की पानं चहाच्या पत्तीसारखी वळतील.

मित्सुए: मग कधी?

गेन्पाची: पानं गळू देत. झाड झोपलं की काढायचं आणि कळ्या फुगायच्या आत नव्या जागी बसवायचं. नवं आहे म्हणून सोपं. मुरलेलं झाड असतं, तर आदल्या वर्षीच मुळं छाटून ठेवावी लागली असती.

मित्सुए: पानं गळेपर्यंत? म्हणजे यंदाचा सगळा लाल रंग शेजारच्या चिझुला?

गेन्पाची: झाड तुमच्याच अंगणात आहे ना!

मित्सुए: अंगण माझं, पानं झाडायची मी, आणि तोंड तिच्या खिडकीकडं! फांद्यांचा सगळा पसारा तिकडं, माझ्या वाट्याला बोडकं खोड. परवा पाहुणे विचारत होते, झाड रुसलंय का हो तुमच्यावर?

गेन्पाची: लावताना शोसाकुसानच्या लक्षात आलं नसेल. झाडाची तोंड-पाठ पुष्कळांना कळत नाही.

मित्सुए: त्यांना? फुलदाणीत काडी खोचली तरी चारदा फिरवून बघणारा नवरा आहे माझा! हे आलेच. अहो, इकडं या.

शोसाकु: गेन्पाचीसान, चहा दिला का हिनं?

मित्सुए: दिला. झाडाचं तोंड तिकडं का केलंत, ते सांगा आधी.

शोसाकु: कसलं तोंड?

मित्सुए: वाटलंच, हेच म्हणणार.

गेन्पाची: मी निघू का?

मित्सुए: बसा!

शोसाकु: हो. मुद्दामच लावलं तसं.

गेन्पाची: आली का पंचाईत.

शोसाकु: नवरा गेल्यापासून चिझुसानच्या खिडकीच्या झडपा बंद होत्या. हिवाळाभर आत उजेड नाही. म्हटलं, समोर काही हिरवं दिसलं तर उघडेल.

मित्सुए: उघडल्या?

शोसाकु: पालवी फुटली तेव्हा.

मित्सुए: बघते ना मी. रोज सकाळी ती वाकून नमस्कार करते. झाडाला की तुम्हाला, तिलाच ठाऊक.

शोसाकु: तसलं काही नाही गं.

मित्सुए: नाही, ते माहीत आहे मला. असतं, तर भांडता तरी आलं असतं.

गेन्पाची: वहिनी, थंडीत मी येतो. असं बसवू की दोन्ही घरांना थोडं थोडं...

मित्सुए: थोडं थोडं नको मला! लग्न झाल्यापासून या घराच्या झडपा मी एक सकाळ बंद ठेवल्या नाहीत. अंगात ताप असतानाही उठून उघडल्या. म्हणून मला पाठ.

शोसाकु: अगं, कुठं निघालीस?

(लाकडी झडपा एकामागून एक सरकल्याचा आवाज.)

शोसाकु: मित्सुए! दिवसाढवळ्या?

मित्सुए: तिनं लावल्या, तेव्हा तुम्हाला झाड सुचलं. बघते, मी लावल्यावर काय सुचतं.