भूक, भीती आणि बाकीची बटणं

धाकटी : परत दाबा.

बाबा : दाबलं. झोप.

धाकटी : कुठलं बटण दाबलंत?

बाबा : 'पाणी'.

धाकटी : आता 'पुरे' दाबा.

बाबा : झोप. 'बाहेर जायचंय' दाबलं तरी झोपेचाच फोटो. अगं, मी फोनवर तेच सांगत होतो. भिंगरी एक मिनिट डोळा मिटत नाही आणि माझ्या वेबपानावर नुसती घोरतेय.

धाकटी : सरका जरा. कोड बघू द्या. हे सगळं तुम्ही लिहिलंय?

बाबा : मीच. थोडं पुस्तकातून, थोडं इंटरनेटवरून, उरलेलं रागाच्या भरात.

धाकटी : ते दिसतंयच. ताई कधी येणार आहे?

बाबा : भिंगरीची शाळा सुटली की तिला घेऊन थेट इकडेच येतेय. आज तिला नव्या ऑफिसात हो की नाही ते कळवायचंय. सोमवारी रुजू व्हायचं, तर भिंगरीला शाळेनंतर संध्याकाळपर्यंत कुणीतरी सांभाळायला हवं. तुझी आई कामावर, मी घरी. हिशेब सरळ आहे. पण तुझ्या ताईला तो पटत नाही.

धाकटी : नको म्हणाली?

बाबा : 'बघू' म्हणाली. लग्नाआधी तुझी आईही मला 'बघू'च म्हणाली होती, पण तो सूर वेगळा होता.

धाकटी : तिचंही खरं आहे, बाबा. भिंगरीला ऐकू येत नाही हे आपल्याला चार वर्षं माहितेय. ती सगळं हातांनी बोलते. तुम्ही किती खुणा शिकलात?

बाबा : शिकतो गं. दुसऱ्या दिवशी विसरतो. डोक्याचं पान भरलंय, नवीन मजकूर आला की जुना बाहेर पडतो. म्हणून तर हा उद्योग. शब्दाचं बटण दाबायचं, की त्या खुणेचे दोन फोटो आलटूनपालटून दिसणार, आधी हात इथे, मग तिथे. ते बघून मी तशी खूण करायची. आणि तिने एखादी केली नि मला आठवली नाही, तर इथे शोधायची. फोटो सगळे तिचेच. बिस्किटाच्या लालचीवर काढलेत.

धाकटी : कल्पना चांगली आहे.

बाबा : कल्पना सगळ्यांच्याच चांगल्या असतात. छापून काय येतं ते बघायचं.

धाकटी : सापडलं. हे बघा, तुम्ही लूप लावलाय, एकेका बटणाला एकेक शब्द वाटत जाणारा. पण शब्द ठेवायला 'व्हार' वापरलाय. म्हणजे सगळ्या बटणांना मिळून एकच पाटी. लूपने पाटीवर आधी 'पाणी' लिहिलं, मग ते पुसून 'पुरे', मग ते पुसून 'भूक', आणि शेवटी 'झोप'. तुमचं बोट बटणावर पडेपर्यंत लूप केव्हाच संपलेला. बटण बिचारं पाटीकडे बघतं आणि तिथे जे असेल ते दाखवतं.

बाबा : आमच्या पेपरच्या ऑफिसात असाच फळा होता. मुख्य बातमी दिवसातून दहा वेळा बदलायची. संध्याकाळी येणाऱ्याला वाटायचं, सकाळपासून हेच ठरलंय.

धाकटी : 'व्हार' काढा, 'लेट' लिहा. मग लूपच्या प्रत्येक फेरीला नवी पाटी. ज्याचं त्याचं बटण, ज्याची त्याची पाटी.

बाबा : बास? एका शब्दासाठी माझी झोप उडाली होती?

धाकटी : लिहा. सेव्ह करा. आता दाबा.

बाबा : 'पाणी'... पाणी! 'पुरे'... पुरे! शाब्बास. पण मध्येच पांढरं काय झालं?

धाकटी : दुसरा फोटो अजून आलाच नव्हता. तुम्ही बटण दाबल्यावर तो आणायला माणूस धाडताय. तोवर जागा रिकामी.

बाबा : रिकामी जागा! अगं, चौकटीत पांढरं दिसलं तर संपादक माझ्या नावाने शंख करायचे.

धाकटी : दोन्ही फोटो आधीच पानावर आणून ठेवू, एकावर एक. बटण दाबलं की वरचा लपवायचा, मग दाखवायचा. धावपळ नको. हं, आता माझ्या फोनवर उघडते. ताई फोनवरच बघणार.

बाबा : बघ, बघ. मांडणीत तुला चूक सापडायची नाही. तो माझा धंदा होता.

धाकटी : बाबा.

बाबा : काय?

धाकटी : 'पाणी'चं बटण भिंगरीच्या कपाळाखाली गेलंय. 'भूक' कुठे दिसत नाही. आणि अर्ध्या भिंगऱ्या उजवीकडे स्क्रीनच्या बाहेर.

बाबा : अशक्य. हे बघ माझ्या स्क्रीनवर, सुतात आहे. वरून किती, डावीकडून किती, सगळं मोजून लावलंय.

धाकटी : कशाने मोजलंत?

बाबा : ही काय, टेबलावरच आहे.

धाकटी : बाबा, स्क्रीनला फूटपट्टी लावलीत?

बाबा : हसायला काय झालं? आयुष्यभर पान तसंच लावलं. कागदाची रुंदी काल होती तीच आज. माझ्या वाचकाने कधी पेपर उघडला आणि तो अरुंद झाला, असं झालं नाही.

धाकटी : इथे होतं. प्रत्येकाच्या हातातलं पान वेगळं. तुम्ही फोटोंना 'ॲबसोल्यूट' केलंय. त्याचा अर्थ, बाकीच्यांचं काही होवो, मी इथेच बसणार. बटणं सरकली, फोटो जागचे हलले नाहीत.

बाबा : आमचा एक सहकारी होता असा.

धाकटी : प्रत्येक शब्दाला एक डबा करू. डब्यात बटण आणि त्याचे दोन फोटो. डब्याला 'रिलेटिव्ह' म्हणायचं, मग आतले फोटो जागा मोजताना पानाचा कोपरा धरणार नाहीत, डब्याचा धरतील. डबा कुठेही जाऊ दे, फोटो त्याच्याबरोबर जातात. आता तुम्ही त्यांना खोली क्रमांक दिलाय, इमारत कुठली ते सांगितलेलंच नाही.

बाबा : हे कळलं. आणि डब्याची उंची?

धाकटी : बरं झालं विचारलंत. ती द्यावी लागेल. फोटो अधांतरी असतात, डबा फुगवत नाहीत. नाही दिली तर डबा चपटा होईल आणि खालचं सगळं वर येईल.

बाबा : चौकट आधी आखायची, चित्र मागून. ते मला सांगू नकोस.

धाकटी : झालं. सगळे शब्द ओळीने लागले. दाबून बघते. 'पाणी' ठीक. 'बाहेर' ठीक. 'भूक'... बाबा, यात हात हलतच नाहीये.

बाबा : हलतोय की. आधी मूठ लांब, मग टेकलेली.

धाकटी : मला नुसती मूठ दिसतेय आणि मागे फ्रॉक. मूठ दोन्ही फोटोंत बरोब्बर मधोमध.

बाबा : मधोमध म्हणजे काय, तशी कापलीय! जे दाखवायचं तेवढंच ठेवायचं, बाकी फोटो छाटायचा. एका कॉलमात फोटो बसवणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. बाकीचे अजून छाटायचेत. हे दोन कसे घट्ट झालेत बघ.

धाकटी : दुसरा कुठला?

बाबा : हा. 'भीती'.

धाकटी : ह्यातही मूठ. मागे फ्रॉक. बाबा, भिंगरी 'भूक' कशी दाखवते?

बाबा : मूठ पोटाला लावते.

धाकटी : आणि 'भीती'?

बाबा : मूठ छातीला... अरे देवा.

धाकटी : बाबा?

बाबा : पोर भेदरलेली असणार आणि मी तिच्यासमोर बिस्किटाचा डबा धरणार.

धाकटी : अजून तसं झालेलं नाहीये.

बाबा : झालं असेल. मागच्या महिन्यात, वीज गेली तेव्हा. ती मूठ करून काहीतरी सांगत होती. मी काय दिलं असेल, सांग बघू.

धाकटी : बिस्कीट.

बाबा : तुझी ताई 'बघू' म्हणते ते उगाच नाही.

धाकटी : मूळ फोटो आहेत की तेही छाटलेत?

बाबा : मूळ फोटो कोण छाटतो? साहेबांचं मन कधी फिरेल सांगता यायचं नाही. सगळे ठेवलेत.

धाकटी : मग उठा. सगळे फोटो एकाच मापाचे, डोक्यापासून कमरेपर्यंत. आणि जोडीतले दोन्ही एकमेकांवर नेमके बसायला हवेत. खांद्यावर खांदा. म्हणजे फोटो बदलला की बाकी काही हलणार नाही, हललाच तर हात.

बाबा : म्हणजे छपाईच्या प्लेटा जुळवायच्या. चार रंग, चार प्लेटा. एक जरी केसभर सरकली की मंत्र्याला दोन नाकं.

धाकटी : तेच. मग लावा प्लेटा. मी डब्यांचं माप तुमच्या फोटोंना जुळवते.

बाबा : ह्या फोटोत तिने मान वळवलीय. खांदा मिळत नाही.

धाकटी : डोळा मिळतो का बघा.

बाबा : एक मिटलेला आहे. भिंगरीच ती. थांब, कानाची पाळी धरतो. हां. बसली.

धाकटी : पुढचा.

बाबा : घाई करू नकोस. घाईत केलेलं पान सकाळी सगळं गाव वाचतं.

धाकटी : ताई जिन्यात आहे, बाबा. ते दोन पायऱ्या एकदम चढणं भिंगरीचंच.

थोरली : दार सताड उघडं आणि दोघं एका खुर्चीत! काय चाललंय? भिंगरे, अगं हळू, चप्पल तरी... गेली. बाबा, स्क्रीनवर ही कोण?

बाबा : तीच. दाबू दे तिला. काही मोडत नाही आता.

थोरली : तुम्ही फोटो काढत होतात ते यासाठी? मला वाटलं अल्बम करताय.

धाकटी : ताई, 'भूक' आणि 'भीती' बघ फक्त.

थोरली : पोट. छाती. हं. आणि ही बघा, स्वतःलाच वेडावून दाखवतेय... बाबा, पान खरंच छान झालंय.

बाबा : पण?

थोरली : पण मला खुणांची काळजी नव्हतीच. त्या येतील. मलाही हळूहळूच आल्या.

बाबा : मग कसली?

थोरली : राग मानू नका. तुम्ही मान डोलावता. ती काही सांगते, तुम्हाला कळत नाही, आणि तुम्ही हसून मान डोलावता. शेजारच्या काकू तसंच करतात. ती आता काकूंना काहीच सांगत नाही. त्यांच्या घरी गेली तर एका कोपऱ्यात गप्प बसून असते. माझी अशी पोरगी मला कामावरून घरी येऊन बघायची नाहीये.

बाबा : मला वाटायचं, कळलं नाही म्हटलं तर तिला वाईट वाटेल.

थोरली : नाही वाटत. तिला सवय आहे पुन्हा सांगायची. कळल्याचं सोंग तिला लगेच समजतं.

धाकटी : बाबा, ती तुमची बाही ओढतेय.

बाबा : काय गं, काय झालं? हे... हे पानावर नाहीये.

धाकटी : मला माहितेय. ती म्हणतेय—

बाबा : तू गप्प बस. कुणीच सांगू नका. 'कळलं नाही'ला काय करतात?

थोरली : हात असा. कपाळापासून बाहेर. नाही, मान नका डोलावू, नुसता हात.

बाबा : असा. मला. कळलं. नाही... परत करतेय. सावकाश करतेय आता. दोन बोटं गोल, डोळ्यावर. चष्मा. चष्मा हवाय तुला? घे. नको? हसतेय. म्हणजे चुकलो.

धाकटी : बाबा, सांगू का?

बाबा : नको म्हटलं ना! परत कर, बाळा. चष्मा... मग दोन्ही हात रिकामे, असे. म्हणजे कुठे? चष्मा कुठे? अगं, हा काय, नाकावर... पण बोट स्क्रीनकडे. चष्मा तिथे नाही. थांबा. चष्मा म्हणजे मी का?

थोरली : तुम्ही. तुमचं नावच ते आहे. बोलायला लागली तेव्हापासून.

बाबा : मला नाव आहे? आणि मला कुणी सांगितलं नाही?

थोरली : ती रोज सांगत होती, बाबा.

बाबा : ...आजोबा कुठे, असं विचारतेय. सगळीकडे मीच, तुम्ही कुठे?

धाकटी : बरोबर! थांबा, एक डबा वाढवते.

थोरली : सोमवारी येताना जास्तीचे कपडे आणते. पाणी दिसलं की ती ऐकत नाही. म्हणजे एरवीही नाही, पण तेव्हा बघतसुद्धा नाही. लांबून हात करून उपयोग नसतो. समोर जाऊन बसावं लागतं.

बाबा : बसेन की. मला कुठे जायचंय?