मानेवरची गोचीड

जनावरांच्या दवाखान्यात शिवणवाल्या बाईंना दुपारची डुलकी येत होती. मांडीवरच्या टोपलीत मांजर घुरघुरत होतं. शेजारी घड्याळजी आजोबा आणि दवाखान्यातली मदतनीस पोरगी बोलत होती, ते पाण्याखालून यावं तसं ऐकू येत होतं.

“आजोबा, कुत्रा कुठाय?”

“गोचीड माझ्याच मानेवर आहे गं. मला दिसत नाही आणि घरात दुसरं कोणी नाही. हा घे घड्याळाचा चिमटा.”

“तेलबिल नाही ना लावलंत?”

“छे! त्याच्या अंगावरच्या किती काढल्यात मी! अगदी कातडीलगत धरायची, पिळायची नाही, सरळ वर ओढायची.”

“मान खाली घाला. हळू... हळू... आली बघा, तोंडासकट! आता साबणाने धुते. ताप आला, चट्टा उठला तर डॉक्टर गाठा. माणसांचा!”

“बरं बाई.”

“पण चिकटली कुठं?”

“तो गेल्यापासून दुपारी त्याच्याच चादरीवर पडतो मी. डोळा लागला की पायाशी ऊब येते.”

“ती चादर आजच्या आज उकळत्या पाण्यात टाका.”

शिवणवाल्या बाईंची झोप उडाली होती, पण त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“वास जाईल गं त्याचा.”