नदीपलीकडची चौदा घरं

नाही नाही मावशी, खुर्ची कशाला, मी चटईवरच बसतो — आणि मक्याची नसिमा तर रांधूच नका, जेवून निघालोय — बरं, शेंगदाणे घेतो चार, तुमचं मन नाही मोडत. मी लिंबानी, विद्यापीठातला. गेल्या जानेवारीत पाहणी झाली ना, घरोघरी प्रश्न विचारायची, ती माझीच. हा साबण ठेवा. उत्तरं देणाऱ्या प्रत्येक घराला एक वडी द्यायची पद्धत आहे आमची, तुमची राहून गेली होती. काय? तुमच्याकडे कुणी आलंच नव्हतं? तेच तर — जरा हळू बोला, शेजारी ऐकतील — त्यासाठीच आलोय. उद्या सकाळी आमचे सर येणार, डॉक्टर म्पोंडा. लेख छापायच्या आधी फेरतपासणी मागितलीय, आणि ह्या काठावरून चिठ्ठीत नेमकं तुमचं घर निघालं. ते विचारतील, हा मुलगा आला होता का? तुम्ही एवढंच म्हणायचं — आला होता, तासभर बसला होता. खोटं कसं? आता बसलोयच की! हसू नका हो, माझा जीव टांगणीला लागलाय.

त्याचं झालं असं, की लुंगाझी नदीला पूर. होडीवाला म्हणाला आज नाही, दुसऱ्या दिवशीही म्हणाला आज नाही, असे चार दिवस. माझ्या हातात एकच आठवडा. मग काय करणार? पलीकडे बाजाराजवळ आंब्याखाली बसलो आणि ह्या काठाची चौदा घरं बसल्या जागी भरून टाकली. गावप्रमुखांनी डिसेंबरात यादी करून दिली होती, म्हणजे नावं खरी, माणसं खरी — उत्तरं तेवढी माझी. आणि येत होतं ना मला! श्रमाचं, आरोग्याचं, शिक्षणाचं, तिन्हींचं अर्थशास्त्र शिकलोय मी — बाई वेळेत दवाखान्यात पोचली तर शेतात परत कधी उभी राहते, तिची पोरं शाळेत किती टिकतात, सगळं तोंडपाठ. जसं व्हायला हवं तसं लिहिलं. पलीकडचा दवाखाना किती लांब? नकाशावर पट्टी ठेवली — चाळीस मिनिटं. पुराचं कुणी विचारलंच नव्हतं त्या कागदात.

आणि तिथेच अडकलो बघा. बाकीची दोनशे घरं कशी, एकाचं दुसऱ्याशी जुळेल तर शपथ — आणि ही चौदा इतकी चोख, की अख्खा प्रबंध त्यांच्यावर उभा राहिला. ती काढली की हाती काही उरत नाही, मी तीनदा करून पाहिलंय. सरांनी राजधानीत, लिलाँग्वेला जाऊन मोठ्या लोकांपुढे वाचला तो. खरं सांगावं म्हणून त्यांच्या दाराशी दोनदा गेलो. दोन्ही वेळा चहा पाजला आणि म्हणाले, पोरा, माझं नाव काढलंस. आता ह्यावर काय तोंड उघडणार? तिकडे आई गावभर सांगतेय, पोरगा डॉक्टर होणार, आणि लोक तिच्याकडे पाठदुखीचं औषध मागायला येतात! आणि मग ते तुमच्या इथलं उपकेंद्र — होय, तेच, ज्याच्या विटा येऊन पडल्या होत्या — चाळीस मिनिटांत दवाखाना आहे तर इथे कशाला, म्हणून ते… हे सांगणार नव्हतो मी. ते मी नाही रद्द केलं, मावशी. मी फक्त लिहिलं.

असू दे. कामाचं बोलू. तुमची मुलगी, एस्नार्ट, तिलाही हाक मारा, सर तिलाही विचारतील. यादीत होती — वय सतरा, आठवा महिना. शेतात गेलीय का? तिकडे? तिकडे कुठे मावशी, तिकडे तर नुसती झाडी —

हां.

आपल्याकडे कुऱ्हाड न लागलेली झाडी एकाच जागी असते. माझे वडीलही आमच्या गावच्या तसल्याच झाडीत पुरलेले आहेत. कधी गेली? जानेवारीत… होडी नव्हती म्हणून. थांबा, ह्या काठावरून कुणी तरी कमरेचं लाल चितेंजे सोडून ते कापड हलवत होतं, हाका मारत होतं — मी पाहिलं, मावशी. मी समोरच बसलो होतो. मला वाटलं बाजारातल्या कुणाला बोलावताहेत. मान खाली घातली आणि लिहीत राहिलो. बाळ? तेही?

काय? तिचं काय लिहिलंय ते वाचू? नको ना. ते काही खरं नाही, मी तुम्हाला आत्ताच — बरं. बरं, वाचतो. 'एस्नार्ट. बाळंतपण दवाखान्यात. मुलगी झाली. बाळ अंगावर पितं. आई हिंडती-फिरती.' बस, एवढंच आहे. मावशी, मी उद्या सरांना सांगतो सगळं, तुम्ही काही खोटं बोलू नका, मी निघतो आता — हात सोडा ना.

पुन्हा? पुन्हा वाचू?

'एस्नार्ट. बाळंतपण दवाखान्यात. मुलगी…'