तुम्ही पेढे लिवू नका

मी किसन, मारेगावकडच्या बंजारा तांड्यावरचा. आमचे आजे-पणजे बैलाच्या पाठीवर मीठ वाहत, मी जिंदगीभर डबे वाहले, काय सांगू तुम्हाले. माय लवकर गेली. मोठ्या बहिणीनं, कमळाबाईनं वाढवलं मले, भिया म्हणे, म्हणजे भाऊ. तिच्या कडेवर मी एवढा मोठा होईपर्यंत बसलो का लोकं हासत.

वणीले एका एजन्सीत लागलो. कंपनीचे नकली गुडघे दवाखान्यात पोचवणं माहं काम, अन् ऑपरेशन झालं का डॉक्टरले पेढ्यांचा डबा नेऊन देणं, तेही माहंच. डब्यात पेढे नसत, कंपनीच्या नोटा असत. जेवढे गुडघे तेवढे डबे, अन् डब्यावरच माही नौकरी. आम्ही पेढेच म्हणत होतो, म्हणता म्हणता मलेही ते पेढेच वाटाले लागले. तांड्यावरचं कोणी आलं का डॉक्टरचं म्हणणं मी आमच्या गोरबोलीत सांगत जाय. माह्या शब्दावर लोकं टेबलावर झोपत.

मंग कमळाबाईचा गुडघा दुखाले लागला. डॉक्टरनं एक्स-रेचा फोटो पाहिला, म्हणे बदलता येते, पण घाई नाही, अजून काही वर्षं गोळ्या-मालिशीवर निघतात. अन् माह्याकडे पाहून हासला, म्हणे किसनभाऊ, पेढे तुमच्याच हातचे, तुम्हीच सांगा त्याहिले. बाई माह्या तोंडाकडे पाहून राह्यली होती. बदलता येते अन् बदलावं लागते, एवढाच फरक. मी आमच्या बोलीत सांगतलं, बदलावंच लागते.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरचा डबा घेऊन तिच्या खाटेजवळून चाललो होतो. म्हणे भिया, पाय माहा अन् पेढे डॉक्टरले? एक दे मले. मी म्हटलं, तुले शुगर हाय. तिले शुगर कधीच नव्हती.

गुडघ्यात पू झाला, दोनदा फाडला, पाय लाकडासारखा राह्यला. होळीले बाया फेर धरून नाचतात, ती खाटेवर बसून गाते. वर सगळ्याइले सांगे, भियानं लय केलं माह्यासाठी.

यंदा होळी झाल्यावर तिच्याकडे गेलतो. सगळं सांगतलं, शुगरचंही. मंग म्हणे, दुखलं का मी तुलेच हाक मारत होती रे. अन् सुनेले म्हणे, याले चहा दे.

आता दर बाजाराच्या दिवशी जातो, पाय चोळून देतो. ती पाय मागं घेत नाही, बोलतही नाही. भाऊ, तुम्ही लिवून राह्यले ना, तर पेढे लिवू नका, पैसे लिवा. अन् नाव माहंच लिवा.